कॉल थोडा, बैठक मोठी: अमेरिकेत वसंतातली टर्कीची शिकार शिकताना

टर्कीच्या जगात वसंतात हाक मारतो तो नर आणि चालत जाते ती मादी. पहाटे उंच फांदीवरून नर गडगडतो. त्या आवाजाला इथे गॉबल म्हणतात आणि आवाज काढणाऱ्या नराला गॉबलर. आसपासच्या माद्या तो ऐकून त्याच्याकडे निघतात. आपण बुंध्याशी बसून मादीचा आवाज काढतो तेव्हा त्या नराला रिवाजाच्या उलट वागायला सांगत असतो: मी येत नाही, तूच ये. एवढं डोक्यात पक्कं बसलं की कधी बोलायचं, किती बोलायचं आणि किती वेळ बसून राहायचं हे बरंचसं आपोआप कळत जातं. नवख्यांना वाटतं, नर आला नाही म्हणजे आपला कॉल, म्हणजे काढलेला आवाज, बिघडला. बहुतेकदा कॉल चालण्यासारखा असतो. नर यायला तयार होईपर्यंत आपणच उठून गेलेलो असतो.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला, त्यामुळे अमेरिकेत आलेल्या आपल्या पिढीला हे शिकवायला घरातलं कुणी नसतं. ऑफिसातला एखादा सहकारी एकदा सोबत नेतो आणि पुढे ज्याचं त्याने शिकायचं. हा लेख त्या दुसऱ्या टप्प्यावरच्या माणसासाठी आहे. मी पेनसिल्व्हेनिया-न्यूयॉर्क पट्ट्यातल्या जंगलाबद्दल, म्हणजे ईस्टर्न उपजातीच्या टर्कीबद्दल लिहितोय. टेक्सासातला रिओ ग्रांडे किंवा रॉकी पर्वतातला मेरियम या उपजातींचा टर्की मोकळ्या मुलखात हिंडतो आणि कॉलला जरा लवकर वळतो असा शिकाऱ्यांचा अनुभव आहे. तिथे असाल तर खाली दिलेल्या वेळा थोड्या आखडून घ्या.

आधी कागदपत्रं

राज्याच्या वन्यजीव खात्याचा हंटर एज्युकेशन कोर्स करा, लायसन्स काढा, टर्कीचा टॅग (मारलेल्या पक्ष्याला बांधायची चिठ्ठी) किंवा परमिट लागत असेल तर तेही घ्या. एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर एक गोष्ट नीट वाचा. अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावरच्या माणसाने बंदूक आणि काडतुसं बाळगायला संघराज्याच्या कायद्याची मनाई आहे, आणि अमेरिकेत मिळालेलं वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदुकीला हात, मित्राची उसनी असली तरीही. लायसन्सची मुदत संपली की तो आधारही गेला. राज्यांचे नियम त्यावर आणखी वेगळे, तेव्हा शंका असेल तर वकिलाला विचारा. इथे अंदाजपंचे चालत नाही.

न्यूयॉर्कमध्ये वसंताचा हंगाम १ ते ३१ मे, आणि रोजची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी १२पर्यंत. पेनसिल्व्हेनियात हंगामाच्या पहिल्या भागात दुपारी १२ला थांबायचं, नंतरच्या भागात संध्याकाळपर्यंत बसता येतं. शिवाय तिथे वसंतात टर्की फक्त कॉल करूनच मारायचा. आवाजाच्या मागावर सरपटत जाणं बेकायदा आहे. इलेक्ट्रॉनिक कॉल, म्हणजे यंत्रावर वाजवलेला आवाज, बऱ्याच राज्यांत मना आहे. तारखा आणि अटी दरवर्षी बदलू शकतात, म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.

हंगाम एवढा उशिरा का ठेवतात, तर तोवर बहुतेक माद्यांचं मीलन उरकलेलं असतं आणि पुष्कळशा अंड्यांवर बसायला लागलेल्या असतात. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे काही नर गेल्याने पुढची पिढी अडत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी जवळपास संपत आला होता. पिंजऱ्यात वाढवून सोडलेले पक्षी जंगलात टिकेनात. मग १९५०च्या दशकापासून तोफेने उडवायच्या जाळ्यांनी जंगली पक्षी धरून दुसऱ्या रानात सोडायला सुरुवात झाली आणि तिथून गाडी रुळावर आली. १९७३ साली नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन स्थापन झालं तेव्हा देशात जेमतेम तेरा-पंधरा लाख टर्की होते. आज साठ लाखांच्या आसपास आहेत.

नराचा दिवस कसा जातो

धीर धरा असं कुणी नुसतं सांगितलं तर तो धरवत नाही. नराचं वेळापत्रक माहीत असलं की धरवतो.

रात्री टर्की झाडावर झोपतात. उजाडण्याच्या आधी नर रातथाऱ्यावरूनच गॉबल करायला लागतो. थोडं फटफटलं की सगळे खाली उतरतात. माद्या त्याच्याभोवती जमतात आणि तो पिसारा फुलवून त्यांच्यामागे हिंडत राहतो. या वेळी तुमच्या कॉलला तो उत्तर देईलही, पण डोळ्यांसमोर खऱ्या माद्या असताना न दिसणाऱ्या मादीसाठी तो कशाला येईल? म्हणून पहाटे सात-आठ गॉबल ऐकू येतात आणि सातच्या सुमारास रान गप्प होतं. बहुतेक नवखे शिकारी नेमके याच वेळी गाडीकडे परततात.

मादी साधारण दहा-बारा अंडी घालते, जवळपास रोज एक. अंडं घालायला ती सकाळीच कधीतरी नराला सोडून गुपचूप घरट्याकडे सटकते. सगळी अंडी झाली की सुमारे २८ दिवस ती बसूनच असते. त्यामुळे नऊ ते बाराच्या दरम्यान एकटे पडलेले नर रानात फिरत असतात, आणि पहाटे ज्या दिशेने मादीचा आवाज आला होता ती दिशा त्यांच्या लक्षात असते. पहाटेचा गॉबल ऐकून अंगावर काटा येतो हे खरं, पण मला विचाराल तर शिकार दहा वाजता असते.

हंगामाचाही असाच चढउतार आहे. पहिल्या आठवड्यात नर माद्यांच्या घोळक्यात. शेवटच्या दोन आठवड्यांत माद्या घरट्यावर, नर एकटे, पण तोवर कॉल ऐकून आणि माणसं बघून शहाणे झालेले. सुट्टी जपून वापरायची असेल तर मी ती दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवेन.

जागा हेरणे

आदल्या संध्याकाळी सूर्य मावळताना टेकाडाच्या कडेला उभं राहून घुबडाचा आवाज काढा. इथलं बार्ड आउल आठ ठोक्यांत घुमतं. तो आवाज किंवा कावळ्याची कर्कश हाक ऐकून नर दचकून गॉबल करून टाकतो आणि आपला मुक्काम सांगून बसतो. मादीचा कॉल मात्र हेरताना काढू नका. हंगामाआधी तर नाहीच. शिकार करायची नसताना त्याला तो आवाज ऐकवणं म्हणजे त्याला फुकट शिकवणी देणं.

दिवसा जमीन वाचा. नराची विष्ठा इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली असते, मादीची गुंडाळलेली. पालापाचोळा उकरून खाल्ल्याच्या खुणा, कोरड्या मातीत धूळ अंगावर घेतल्याचे खळगे, मऊ वाटेवर पंख ओढत नेल्याच्या समांतर रेघा. या रेघा दिसल्या तर ती नराची मिरवायची जागा, दहाच्या बैठकीसाठी उत्तम.

बसायचं कुठे

झोपलेल्या नरापासून शंभर-दीडशे यार्डांवर, अंधारात, विजेरी न लावता पोचता आलं तर छान. नसेल जमत तर लांब बसा. फांदीवरून त्याला खालचं सगळं दिसतं.

त्याच्या पातळीवर किंवा किंचित वर बसा. चढ चढून यायला तो सहसा तयार असतो, उतारावर खाली यायला खळखळ करतो. मधे ओढा, तारेचं कुंपण किंवा दाट झुडपं नकोत. खरी मादी असती तर इतक्या लांबून दिसली असती, असं त्याला वाटेल इतकी मोकळी जागाही नको. उत्तम जागा ती, जिथे तो एखादा उंचवटा ओलांडून मादी कुठे आहे हे बघायला मान वर काढील तेव्हा तीस-पस्तीस यार्डांत आलेला असेल.

पाठ टेकायला खांद्यांपेक्षा रुंद बुंधा घ्या. त्याने तुमची आकृती मोडते आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्यापासून संरक्षणही मिळतं. उजव्या हाताने बंदूक चालवत असाल तर डावा खांदा नराच्या दिशेला ठेवा, बंदूक गुडघ्यावर, नळी त्याच दिशेला. बसण्याआधी ढुंगणाखालच्या काड्या, दगड झटकून टाका आणि जाड उशी घ्या. हसू नका, अर्ध्याहून अधिक शिकारी उशी नसल्यामुळे उठतात. टर्कीचं नाक यथातथाच, पण नजर विलक्षण: डोळे बाजूला असल्याने थोडी मान वळवली की चहूकडचं दिसतं, रंगही ओळखतो. चेहऱ्यावर जाळी, हातांत मोजे हवेतच. मे महिन्यात तिथे गोचिड्या फार. लाइम रोग त्यांच्यामुळेच होतो, म्हणून कपड्यांना आधीच पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा आणि घरी आल्यावर अंग नीट तपासा.

साधनं आणि आवाज

पहिलं साधन बॉक्स कॉल घ्या. लाकडी डबी आणि वर फिरणारी दांडी; कडेवर खडू घासलेला असतो, दांडी ओढली की आवाज येतो. आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ साली असल्या डबीचं पेटंट घेतलं आणि रचना अजून फारशी बदललेली नाही. मोठा आवाज, लांबवर पोचणारा, अर्ध्या तासात जमणारा. पावसात ओला झाला की निकामी, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

दुसरा पॉट कॉल: स्लेट किंवा काचेची गोल तबकडी आणि लाकडी काडी. तबकडी पॉलिश पेपरने खरवडून घ्यायची, काडी पेन्सिलीसारखी धरायची आणि टोक न उचलता बारीक अंडाकृती वळणं काढायची. हळू, जवळचे आवाज याच्यावर सर्वांत खरे येतात. तिसरा डायफ्रॅम, टाळूला चिकटवायचा रबराचा पडदा. हात मोकळे राहतात, नर समोर असतानाही बोलता येतं, पण जमायला महिने लागतात आणि सुरुवातीला उमळून येतं. तो गाडीत, ऑफिसला जाताना शिका. घरात शिकलात तर घरच्यांचा धीर आधी संपेल.

आवाज चारच शिका. यल्प हा मादीचा रोजचा आवाज, उंच सुरातून खाली उतरणारा दुपदरी स्वर, पाच ते आठ वेळा सारख्या अंतराने. क्लक म्हणजे एकच तुटक ठोका: मी इथे आहे. पर्र ही चरताना चाललेली समाधानी गुरगुर. आणि कटिंग, भराभर तुटक, अनियमित, चिडलेल्या मादीचे क्लक. सुरांपेक्षा ठेका महत्त्वाचा. खऱ्या माद्याही बेसूर ओरडतात, पण ठेका चुकवत नाहीत. क्लकच्याच जवळचा, पण धारदार आणि घाबरलेला पट् असा ठोका हा धोक्याचा इशारा असतो. क्लक जोरात काढायच्या नादात तो निघाला की समोरचा पक्षी गेलाच समजा. जोर न लावता सराव करा.

नराचा आणखी एक आवाज ओळखायला शिका. पिसारा फुलवलेला नर थुंकल्यासारखा फ्फट करतो आणि लगेच खोल डूऽम्म असा घुमारा देतो. तो कानांपेक्षा छातीत जाणवतो. हा ऐकू आला तर तो अगदी जवळ आहे, दिसत नसला तरी. हलू नका, बोलू नका.

सकाळ कशी चालवायची

पहाटे तो झाडावरून बोलला की दोन-तीन अगदी हलके यल्प, झोपेतून उठल्यासारखे. त्याने उत्तर दिलं की गप्प. तुम्ही कुठे आहात हे त्याला नेमकं कळलेलं आहे. टर्कीला आवाजाची जागा अचूक सापडते. झाडावर असताना फार बोललात तर तो मादी येण्याची वाट बघत तिथेच बसतो.

तो खाली उतरल्यावर पाच-सात यल्पची एक ओळ. उत्तर आलं आणि आवाज जवळ सरकला असेल तर पुन्हा गप्प. इथेच नवख्याचा हात शिवशिवतो. प्रत्येक गॉबलला उत्तर द्यावंसं वाटतं, संभाषण चाललंय असा भास होतो. पण विक्रेता भाव कमी करत मागे येतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक जसं उभं राहतं, तसा नरही तुम्ही उत्सुक दिसलात की थांबतो: हिला एवढी घाई आहे तर हीच येईल.

साठ-सत्तर यार्डांवर येऊन तो अडकणं हा सगळ्यांत सामान्य प्रसंग. पिसारा फुलवून इकडून तिकडे फिरतो, गॉबल करतो, पुढे येत नाही. तुमच्या बाजूने पहिला उपाय मौन, वीस मिनिटं तरी. दुसरा, एका हाताने पाचोळा खरडणं: दोन खरडे, विराम, एक खरडा, मादी चरतेय असं. त्यावर एखादा क्लक किंवा पर्र. तिसरा, तोंड किंवा डबी उलट्या दिशेला वळवून हलका यल्प, म्हणजे मादी निघून चाललीय असं वाटतं. जोडीदार असेल तर सर्वांत चांगलं: त्याने चाळीस-पन्नास यार्ड मागे बसून कॉल करावा. नर त्याच्यापासून सत्तर यार्डांवर थांबला तरी तुमच्या टप्प्यात असतो.

माद्या सोबत असतील तर नराशी बोलूच नका, त्यातल्या दांडग्या मादीशी बोला. ती जसा यल्प करील तसाच, तिच्यापेक्षा किंचित चढ्या आवाजात. ती कटिंग करायला लागली की तिचं बोलणं मधेच तोडा. चिडून भांडायला आली तर नर मागोमाग येतो. वळून दुसरीकडे गेली तर सोडून द्या, जागा लक्षात ठेवा, आणि दहा वाजता तिथेच या.

आता रान गप्प झालं आहे, साडेसात वाजलेत. जागा खुणांवरून चांगली असेल तर उठू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ओळ यल्प, कधी दोन क्लक, बाकी वेळ डोळे फिरवायचे, मान नाही. कमीत कमी तासभर, जमलं तर दोन. या वेळचे नर पुष्कळदा एक शब्द न बोलता येतात. शेवटचा गॉबल ऐकू आल्यानंतर पाऊण तास हलायचं नाही, हा नियमच करून टाका. घड्याळ लावा, कारण अशा वेळी दहा मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात. पाय बधिर झाला तर हळू, सावकाश, पंधरा सेकंदांत सरळ करा.

नकली पक्षी, म्हणजे डिकॉय, वापरायचा तर मादीचा एक पुरे, पंधरा-वीस यार्डांवर. त्याने नराची नजर तुमच्यावरून हटते. कोवळ्या नराचा, जेकचा डिकॉय ठेवलात तर त्याचं तोंड तुमच्याकडे करा. मोठा नर त्याच्यासमोर येऊन उभा राहतो आणि पाठ तुमच्याकडे होते. दाट रानात डिकॉय नसला तरी काही अडत नाही. तिथे मादी दिसत नाही, म्हणूनच तो शोधायला पुढे येतो.

लाल, पांढरा, निळा

नराचं डोकं आणि मान क्षणात लाल, क्षणात पांढरी, निळसर होते. जहांगीर बादशहासाठी त्याचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याच्या बंदरातून १६१२च्या सुमारास जे नवलाईचे जिन्नस आणले त्यात टर्कीही होता. बादशहाला या रंगबदलाचं भारी अप्रूप वाटलं आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने त्या पक्ष्याचं चित्र काढलं. शिकारीत हेच रंग माणसाचा जीव घेऊ शकतात. लाल, पांढरा किंवा निळा मोजा, रुमाल, टी-शर्ट, पाण्याची बाटली, काहीही बाहेर दिसता कामा नये. पँट वर सरकून पांढरा मोजा दिसतो, तेही बघा.

दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, मादीचा आवाज तर मुळीच काढू नका. मोठ्याने, माणसाच्या आवाजात हाक मारा. शिकार बिघडली तरी चालेल. गॉबलचा आवाज काढणारी साधनं सार्वजनिक रानात नकोत. डिकॉय आणि मारलेला पक्षी नेताना भडक नारिंगी कापडात गुंडाळा. आणि ऐकू आलेली प्रत्येक मादी खरी नसते. दहातली एखादी तुमच्यासारखीच झाडाला टेकून बसलेली असू शकते.

बार

हंगामाआधी कागदावर टर्कीच्या डोक्याचं चित्र लावून, जी बंदूक आणि जे काडतूस रानात नेणार तेच वापरून वीस, तीस, चाळीस यार्डांवरून छर्रे कसे पसरतात ते पाहा. नवख्याने पस्तीस यार्डांची मर्यादा घालून घ्यावी आणि बसल्या बसल्या त्या अंतरावरचं एक झाड हेरून ठेवावं.

नर दिसला की बंदूक उचलायची नाही. त्याचं डोकं एखाद्या झाडामागे जाईल, तेव्हा उचला. पिसारा फुलवलेला असताना मान आखडलेली असते, तेव्हा थांबा. एक मऊ क्लक केला की तो मान उंच करतो. दाढी, म्हणजे छातीवरचा लोंबता केसांसारखा झुपका, स्पष्ट बघा. मागे कोण, काय आहे ते बघा. नेम मानेवर, पिसं जिथे संपतात तिथे. अंगावर बार टाकला तर जखमी पक्षी पळून जातो. थोड्या माद्यांनाही दाढी असते. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात त्या कायद्यात बसत असल्या तरी मी सोडायला सांगेन.

बार झाल्यावर सेफ्टी, म्हणजे बंदुकीचा घोडा अडवणारी कळ, लावा आणि मगच पक्ष्याजवळ जा. पायाच्या आऱ्या धारदार असतात, फडफडत असताना हात घालू नका. टॅग जागच्या जागी भरून बांधा आणि राज्याने दिलेल्या मुदतीत ऑनलाइन किंवा फोनवर नोंद करा. मोठा नर आठ ते अकरा किलोंचा भरतो. छातीचं मांस चटकन कोरडं पडतं, त्याचे पातळ काप करून तव्यावर झटपट परता. पाय आणि मांड्या इथे बरेच जण टाकून देतात. त्या आलं-लसूण लावून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर तीनेक तास ठेवा; बाजारच्या टर्कीपेक्षा या स्नायूंना शिजायला वेळ लागतो.